हक्कसोड : एका दीर्घांकाच्या प्रकल्प नोंदी

१० जून २०२४, सोमवार

आजपासून नवी वही. डावं पान नटीचं, उजवं पान लेखिकेचं. दोघी मीच. दोघी एकाच दीर्घांकावर (एका अंकात संपणाऱ्या मोठ्या नाटकावर) काम करणार आहेत, पण दोघींचे प्रश्न वेगळे आहेत. ते एकमेकींत मिसळले की दोघींचंही काम बिघडतं, हे गेल्या पाच वर्षांत पुरेसं अनुभवलंय. (इथे टंकताना दोन्ही पानं एकत्र केली आहेत.)

मी अकरा वर्षं अभिनय करते. एकांकिका स्पर्धा, प्रायोगिक नाटकं, दोन मालिकांत छोटी कामं, बाकी विनोदी स्किट. लिहायला लागले ती वाक्यं मिळेनात म्हणून. बारा मिनिटांच्या स्किटमध्ये बायकोच्या वाट्याला चार वाक्यं यायची: ‘अहो, चहा’, ‘म्हणजे?’, ‘अगं बाई’ आणि शेवटी ‘थांबा, बघतेच तुम्हाला’. त्याच स्किटमध्ये साडी नेसलेला पुरुष नट येऊन सगळा हशा घेऊन जायचा. तो नट उत्तम असायचा, माझं भांडण त्याच्याशी कधीच नव्हतं. पण तो करत असलेली बाई मला ठाऊक असलेल्या एकाही बाईसारखी नसायची. एकदा तालमीहून आल्यावर रात्री बसून त्या बायकोची चार वाक्यं सोळा केली. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकानं त्यातली सहा ठेवली. लेखनाची सुरुवात ती.

आता पहिल्यांदाच सत्तर मिनिटांचं काहीतरी स्वतःसाठी लिहिते आहे. दोन पात्रं. थोरली बहीण आक्का, धाकटा भाऊ बाळू. जागा: दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरचा (जिथे जमिनीचे दस्त नोंदवतात) बाक. आक्कानं वडिलांच्या जमिनीवरच्या हक्कसोडपत्रावर सही करायची आहे, टोकन नंबर ३७ आहे आणि सर्व्हर डाऊन आहे.

हे घरातलंच आहे. आईनं मामाला हक्कसोडपत्र करून दिलं तेव्हा मी तिच्यासोबत चार तास त्या बाकावर बसले होते. आईच्या अंगठ्याचा ठसा मशीन घेईना. पाचव्यांदा घेतला. त्या चार तासांत दोघं भावंडं जे बोलली ते विनोदी होतं आणि मी हसले होते. घरी आल्यावर मात्र मला झोप लागली नाही.

१४ जून, शुक्रवार

कालचा आणि आजचा दिवस एका निबंधक कार्यालयाबाहेर काढला. रेकॉर्डिंग केलं नाही. नुसती ऐकत बसले आणि दर तासाला बाहेर चहाच्या टपरीवर जाऊन लिहून काढलं. कानावर पडलेलं:

‘फोटोत डोळे मिटले तर जमीन जाते का हो?’ (खरंच काळजीनं विचारलेलं.)

‘साक्षीदार दोन लागतात. एक जेवायला गेलाय.’

‘ताईचं काही म्हणणं नाही.’ हे वाक्य दोन दिवसांत तीन वेगवेगळ्या भावांच्या तोंडून ऐकलं. तिन्ही वेळा ताई शेजारीच बसलेली होती.

कायदा नीट वाचून घेतला, कारण विनोदी लेखनात माहिती चुकली की प्रेक्षकाचा विश्वास उडतो आणि मग तो हसत नाही. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. आईचं लग्न १९८५ चं, म्हणजे ती बाहेर. मग २००५ ची केंद्राची दुरुस्ती आली, ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली आणि लग्न कधी झालं हा प्रश्नच उरला नाही. वडील त्या तारखेला हयात असायला हवेत का, हा वाद सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये मिटवला: गरज नाही, मुलीचा हक्क जन्मानं आहे.

म्हणजे आक्काला हक्क मिळायला वीस वर्षं लागली. सोडायला एक सकाळ. नाटक या दोन वाक्यांच्या मधे कुठेतरी आहे.

२४ जून, सोमवार

पैशांचं. हे टाळायची मला सवय होती, आता मोडली आहे.

जुलै ते डिसेंबर: एका कार्यक्रमासाठी महिन्याला दोन स्किट लिहायची. एका व्यावसायिक नाटकात बदली कलाकार म्हणून महिन्याला तीन-चार नाईट. गणपतीत सोसायट्यांसाठी दोन प्रहसनं लिहून बसवून द्यायची. टीव्हीचे पैसे नव्वद दिवसांनी येतात, म्हणजे जुलैत लिहिलेल्याचे ऑक्टोबरअखेर हातात पडतील. त्यातून दहा टक्के टीडीएस कापला जातो. तो परत मिळवायचा असेल तर विवरणपत्र भरावंच लागतं, आणि ‘माझं उत्पन्न कुठं एवढं’ म्हणून तीन वर्षं न भरता मी स्वतःचे पैसे सोडून दिले होते. या क्षेत्रात नव्यानं येणाऱ्या प्रत्येकीला मी आधी हे सांगते, मग अभिनयाचं.

दुसरा नियम: अभिनयाचं मानधन आणि लेखनाचं मानधन वेगळं ठरवायचं, वेगळ्या कागदावर. ‘तूच लिहितेस, तूच करतेस, एकत्रच धरू या’ असं कुणी म्हणालं की दोनातलं एक फुकटात जातं. ते बहुतेक वेळा लेखन असतं. या दीर्घांकात आम्ही चौघांनी पैसे घातलेत (दिग्दर्शिका, बाळूचं काम करणारा मित्र, प्रकाशयोजनाकार आणि मी), तरी इथंही दोन वेगळे कागद केले. मित्र म्हणाला, ‘आपल्यात कशाला?’ सही मात्र त्यानं मनापासून केली.

१७ जुलै, बुधवार, आषाढी एकादशी

पहिला खर्डा पूर्ण. ४६ पानं. साबुदाण्याची खिचडी गार झाली.

लिहिताना आधी होऊन गेलेल्यांचा विचार सारखा मनात होता. लिहिणारे नट मराठीत पुष्कळ झाले. पु. ल. देशपांड्यांनी ‘बटाट्याची चाळ’ एकट्यानं उभी केली. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये ५२ पात्रं व्हायचे. दिलीप प्रभावळकरांनी ‘हसवाफसवी’ लिहिलं आणि त्यातल्या सहा भूमिका स्वतः केल्या. या तिघांबद्दल मला सगळ्यात जास्त काय वाटतं, तर स्वतःचा आवाज कुठपर्यंत पोचतो, श्वास कुठे तुटतो, भुवई किती वर जाते, हे ठाऊक असलेल्या माणसाचं ते लेखन आहे. त्यातली वाक्यं उच्चारून बघितली की तोंडात बसतात. कागदावर हुशार दिसणारं वाक्य आणि तोंडात बसणारं वाक्य यात फार अंतर असतं, आणि ते अंतर नटाला लवकर कळतं.

बायकांची नावं आठवायला मला जास्त वेळ लागला. तमाशात गवळणीतली मावशीसुद्धा पुरुषच करतो. सई परांजप्यांचं लेखन-दिग्दर्शन मला आदर्शवत वाटतं, पण स्वतः विनोद लिहून तो स्वतः उभं राहून करणारी बाई मी लहानपणी पाहिली कुठं? यावर परत येईन.

३० जुलै, मंगळवार

घरी पहिलं वाचन. सात जण होते. निकाल वाईट.

बेचाळीस ठिकाणी हशा अपेक्षित होता. मी खर्ड्याच्या समासात पेन्सिलीनं टिंबं दिली होती. हसले अकरा ठिकाणी, त्यातही चार वेळा मैत्रीखातर. सगळ्यात वाईट म्हणजे नंतरची शांतता. ‘छान आहे’ म्हणून सगळे चपला शोधायला लागले.

दिग्दर्शिका मागे थांबली. तिनं संहिता माझ्यापुढे ठेवली आणि टिंबं मोजायला लावली. बेचाळीसपैकी सदतीस टिंबं आक्काच्या वाक्यांवर होती. बाळू सबंध नाटकभर नुसता विचारत होता: ‘म्हणजे गं?’, ‘असं का म्हणतीस?’, ‘काय सांगतीस?’

मला ती वाक्यं ओळखीची होती. अकरा वर्षं मीच ती म्हणत आले होते. माझ्या नाटकातली ‘बायको’ मी बाळूला करून ठेवलं होतं.

रात्रभर त्रास झाला. लेखिकेनं नटीला खूश करायला नाटक लिहिलं आणि नाटक हरवलं.

१३ ऑगस्ट, मंगळवार

खर्डा बारा दिवस उघडला नाही. आज चुलत बहिणीच्या मंगळागौरीला गेले.

जागरणात झिम्मा, फुगड्या, पिंगा झाले आणि मग सासू-सुनेचं सोंग. आमची एकाहत्तर वर्षांची मावशी सासू झाली. मी हे सोंग तिला लहानपणापासून करताना बघते आहे, पण आज पहिल्यांदा कामाच्या नजरेनं बघितलं.

सून (तिची नात) तोंडाचा पट्टा सोडून बोलत होती. मावशी खाली बसून सुपात तांदूळ निवडत होती. खरं सूप, खरे तांदूळ. खडा उचलायचा, बाजूला टाकायचा, खडा उचलायचा, बाजूला टाकायचा. सून बोलत राहिली आणि कुणीही सुनेकडे बघत नव्हतं. सगळ्या बायका मावशीच्या बोटांकडे बघत होत्या. मग सून म्हणाली, ‘आणि तुमचा मुलगा म्हणतो, माझ्या हातचं आईपेक्षा बरं लागतं.’ मावशीचा हात थांबला. खडा चिमटीत, हात हवेत. ती काहीच बोलली नाही. तिनं मान वर केली नाही. साधारण दोन श्वास. खोली हसून पडली. मग मावशीनं तो खडा परत तांदळात टाकला, आणि दुसरा हशा पहिल्याहून मोठा आला.

तिला एकही वाक्य नव्हतं.

मग मी तिच्याशेजारी जाऊन बसले आणि विचारलं, ‘मावशी, खडा परत टाकायचं कधी ठरवलंस?’ ती म्हणाली, ‘ठरवायचं काय त्यात? तिला जेवायला घालायचाय ना तो भात.’

लहानपणी मी पाहिली कुठं, असं १७ जुलैला लिहिलं होतं. दरवर्षी श्रावणात, घरातच पाहिली. बायकांनी बायकांसाठी, पुरुष झोपल्यावर, रात्री दोनला केलेला विनोद. त्याला कधी तिकीट नव्हतं, म्हणून मी त्याला नाटक धरलं नव्हतं.

२७ ऑगस्ट, मंगळवार

दुसरा खर्डा. वाक्यं हलवण्याचं काम. एक नमुना इथे सविस्तर लिहून ठेवते, कारण या प्रकल्पात मी जे शिकले ते सगळं त्यात आहे.

पहिला खर्डा:

बाळू : आक्का, दोनशे रुपयांचं तर काम हाय.
आक्का : माहेर सुटायला दोनशे? आन् सासरी घालवायला आबांचा दीड एकर गेला व्हता.

वाक्य चांगलं आहे. माझं लाडकं होतं. वाचनात त्यावर हसलेही, पण ते आक्काच्या हुशारीला दिलेली दाद होती. त्या हशानंतर आक्का मोठी झाली आणि बाळू मेला. पुढची दोन पानं उचलली जाईनात. शिवाय जी बाई इतकं धारदार बोलू शकते ती सही का करते आहे, हा प्रश्न उभा राहिला, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसरा खर्डा:

बाळू : (अभिमानानं) तुज्या लग्नाला दीड एकर इकला आबांनी. दीड एकर! आन् आज बघ. दोनशात काम हुतंय.
(आक्का मांडीवरची कागदांची पिशवी नीट करत असते. हात थांबतो.)
आक्का : चहा सांगतोस का?

आता विनोद बाळूच्या तोंडी गेला. तो विनोद आहे हे बाळूला माहीत नाही. तो मनापासून आनंदात आहे, बहिणीचे पैसे वाचवले म्हणून. आक्काला कळलंय, आणि आक्काला कळलंय हे प्रेक्षकाला कळतं. हशा तिच्या थांबलेल्या हातावर येतो. ‘चहा सांगतोस का?’ हे वाक्य हशा ओसरायला लागल्यावर, अजून पुरता विरला नसताना यायला हवं.

अशी एकोणीस वाक्यं आक्काकडून काढून बाळूला दिली. प्रत्येक वेळी नटी तक्रार करत होती. मी तिचं ऐकून घेतलं आणि वाक्य हलवलं. आक्का आता पहिल्या खर्ड्याच्या निम्म्यानंच बोलते. ऐकायचं काम मला अकरा वर्षं शिक्षा वाटत होतं. माझ्या हातात खरं कौशल्य आहे ते तेच, आणि त्यासाठी कुणी कधी लिहिलं नव्हतं. आता मी लिहिते आहे.

९ सप्टेंबर, सोमवार

गणपतीची धावपळ. दोन सोसायट्यांची प्रहसनं झाली. एकीकडे बँकेतून निवृत्त झालेल्या आजोबांनी असं काही टायमिंग दाखवलं की मी विंगेत हात जोडले. मानधन त्याच रात्री मिळालं. दीर्घांकाच्या नेपथ्याचा बाक त्यातून येईल.

आज मुलींच्या हक्काच्या २००५ च्या कायद्याला १९ वर्षं झाली. कुठेच बातमी दिसली नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार

एक जुनी गोष्ट आज पुन्हा समोर आली म्हणून लिहिते. दोन वर्षांपूर्वी एका विनोदी कार्यक्रमाला मी अकरा पानांचं स्किट दिलं होतं. ते प्रक्षेपित झालं तेव्हा लेखक म्हणून दुसरंच नाव होतं. फोन केल्यावर ‘पुढच्या वेळी नक्की’ असं उत्तर मिळालं. पुढची वेळ आलीच नाही. काल त्याच स्किटची क्लिप कुणीतरी मला ‘बघ किती भारी लिहिलंय’ म्हणून पाठवली.

तेव्हापासून पाळते ते: वाचनाला जाण्याआधी संहितेची पीडीएफ स्वतःला आणि समोरच्याला मेल करायची. स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदणी करायची. ती ऑनलाइन होते, आणि अमुक तारखेला हा मजकूर माझ्याकडे होता एवढा पुरावा हाती राहतो. नुसत्या कल्पनेला कायद्याचं संरक्षण नाही, लिहिलेल्या मजकुराला आहे. म्हणून कल्पना चहावर सांगायची नाही, लिहून काढूनच बोलायचं.

‘हक्कसोड’ची नोंदणी आज केली.

३ ऑक्टोबर, गुरुवार

तालीम दिवस नववा. अंगठ्याचा प्रसंग.

पहिल्या खर्ड्यात इथे आक्काला तीन पंचलाइन होत्या. आता एकच वाक्य ठेवलंय. आतून ऑपरेटरचा फक्त आवाज येतो: ‘अंगठा ठेवा. काढा. पुसा. परत ठेवा.’ बाळू आधी तिचा अंगठा आपल्या सदऱ्याला पुसतो, मग फुंकर मारतो, मग मशीनवर स्वतःच दाबून धरतो. प्रत्येक वेळी मशीन टूं करतं. शेवटी आवाज येतो: ‘काकू, रेषाच येत नाहीत.’

आक्का : असत्याल की. बघा नीट. लगीन झालं तवा व्हत्या.

आज हे सतरा वेळा केलं. मी ‘तवा’वर जोर देत होते आणि वाक्य तक्रारीचं होत होतं. ‘बघा नीट’वर जोर दिला की ती ऑपरेटरला खरंच मदत करते आहे असं वाटतं. मशीनचं काम नीट व्हावं ही तिची इच्छा आहे. ती कुणाला टोमणा मारत नाही. जोर ‘नीट’वर ठेवायचा. श्वास ‘की’नंतर.

बाळू करणाऱ्या मित्रानं आज एक गोष्ट आपसूक केली. तिचा अंगठा पुसताना त्यानं तो उलटा करून एकदा बघितला. नुसता बघितला. दिग्दर्शिका म्हणाली, हे ठेव. संहितेत ते मी लिहिलेलं नाही. आता लिहिलं, आणि समासात त्याचं नाव टाकलं.

भांडी, चुली, सारवण, पेंड्या बांधणं, शेंगा फोडणं. रेषा जातातच. आईच्या उजव्या अंगठ्यावर मी काल भिंग धरून बघितलं. मधोमध गुळगुळीत आहे.

(रात्री: मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याची बातमी आली. तालमीच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो.)

१७ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी दिग्दर्शिकेचा फोन: ‘तुझे दोनशे रुपये गेले.’

राज्यानं मुद्रांक शुल्क वाढवलं. जिथे १०० आणि २०० रुपयांचा स्टँप चालायचा तिथे आता ५००. हक्कसोडपत्रही त्यात आलं. नाटक आजचं आहे, म्हणजे बाळूचं वाक्य बदलायला हवं.

आधी घाबरले, मग मोठ्यानं म्हणून बघितलं. ‘दोनशात काम हुतंय.’ ‘पाचशात काम हुतंय.’ अक्षरं तेवढीच, ताल तोच, उलट ‘पा’ तोंड उघडून येतो म्हणून मागच्या रांगेपर्यंत जास्त स्वच्छ जातो. शिवाय सरकारनं नवीन दोन ओळी दिल्या:

बाळू : कालपतुर दोनशे व्हतं. वाढीवलं.
आक्का : माज्या सहीचं?

संध्याकाळच्या तालमीत या दोन शब्दांवर सगळे हसले. प्रकाशयोजनाकार तर शिडीवर होता.

३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

मामा ओवाळून घ्यायला आला. आईनं ओवाळलं, मामानं ताटात पाकीट ठेवलं. जेवणानंतर मी दोघांना विचारलं, नाटक वाचून दाखवू का. हे मी महिनाभर पुढे ढकलत होते. त्यांचं आयुष्य त्यात आहे, आणि त्यांच्या परवानगीशिवाय ते रंगमंचावर न्यायचं नाही हे मी मनाशी ठरवलं होतं. दोघांपैकी कुणीही नको म्हणालं असतं तर थांबले असते.

पंचवीस पानांपर्यंत मामा खूप हसला. दीड एकरावर तर त्यानं मांडीवर थाप मारली. अंगठ्याशी आल्यावर तो गप्प झाला. आई पूर्ण वेळ पान लावत होती. संपल्यावर तिनं एवढंच विचारलं, ‘माझं पातळ कुठल्या रंगाचं घेणार?’ मी म्हटलं, तू सांग. ती म्हणाली, ‘मोरपंखी. तेच होतं त्या दिवशी.’

मामा निघताना चपला घालता घालता म्हणाला, ‘त्या बाळ्याला फार वाईट दाखवू नगं.’ मी म्हटलं, ‘मामा, तो वाईट नाहीच.’ तो म्हणाला, ‘व्हय. त्येच.’

नाटकाचा शेवट मी आज रात्री पुन्हा लिहिला.

५ नोव्हेंबर, मंगळवार

रंगभूमी दिन. १८४३ मध्ये आजच्या तारखेला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं. त्या काळी बायकांची कामं पुरुषच करत, त्यामुळे ती सीताही पुरुषानंच केली. आज तालमीआधी नटराजाची पूजा झाली तेव्हा मला सीतेपेक्षा तिला बघणाऱ्या बायकांचा विचार आला. ती बघून त्या घरी जाऊन एकमेकींना काय म्हणाल्या असतील?

२५ नोव्हेंबर, सोमवार

दोन गोष्टी.

रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (प्रयोगाआधी संहिता तपासणारं सरकारी मंडळ) प्रमाणपत्र आलं. संहिता वेळेत पाठवली होती म्हणून धावाधाव झाली नाही. एकांकिका करणाऱ्या मुलांना हे काम शेवटच्या आठवड्यात आठवतं, आणि मग अख्खी तालीम त्या कागदाच्या काळजीत जाते.

दुसरी: एका मालिकेत आत्याच्या भूमिकेसाठी निवड झाली. महिन्याला बारा दिवस, ठाण्याला बारा तासांची शिफ्ट. मला काम हवं होतं, मनापासून हवं होतं. मी फक्त ७ आणि ८ डिसेंबर मागितले. मिळाले नाहीत. फोनवरचा मुलगा सज्जनपणे म्हणाला, ‘मॅम, तुम्ही रायटरही आहात ना, मग ॲक्टिंगचं इतकं काय?’ हे मला दर दोन महिन्यांनी ऐकावं लागतं. लिहायला लागलं की लोक समजतात अभिनय सोडला. अभिनय दिसला की लेखनाचे फोन बंद होतात. मी त्याला सांगितलं की दोन्ही माझा व्यवसाय आहे, आणि आठ तारखेला दोन्हीचा प्रयोग आहे.

भूमिका गेली. जानेवारीच्या भाड्यासाठी तीन स्किट जास्तीची घेतली आहेत.

८ डिसेंबर, रविवार

सुदर्शन रंगमंच, शनिवार पेठ. पहिला प्रयोग. ९७ तिकिटं.

तिसऱ्या घंटेला पोटात खड्डा होता. नेहमीसारखा संवादाचा नाही, संवाद पाठ होते. लेखिका विंगेत उभी राहून ऐकू शकणार नाही, तिला आतच असावं लागणार, ही भीती. दिग्दर्शिकेला सांगून ठेवलं होतं: समासातली टिंबं तू मार.

पहिली सहा मिनिटं गार. बाळूनं घाई केली नाही, त्याचे आभार. सर्व्हरवर पहिला हशा. दीड एकर: तो वाक्य बोलला, माझा हात थांबला, आणि सबंध एक क्षण काहीच झालं नाही. मला वाटलं गेलं. मग उजवीकडून, मागून, एका बाईचा आवाज आला, ‘अगंऽऽ’ असा, आणि मग सगळे. हशा इतका लांबला की चहाचं वाक्य मला दोनदा गिळावं लागलं. ऐकायचं काम. मी ऐकत बसले.

अंगठ्याला कुणी हसलं नाही. ‘लगीन झालं तवा व्हत्या’ यावर तालमीत प्रत्येक वेळी हशा होता. आज शांतता. आणि ती शांतता ३० जुलैसारखी नव्हती. बाळूनं अंगठा उलटा करून बघितला तेव्हा कुणीतरी नाक ओढलं.

११ डिसेंबर, बुधवार

हिशोब: ९७ तिकिटं, प्रत्येकी २००, एकूण १९,४००. भाडं, प्रकाश, ध्वनी, टेम्पो, वडापाव, जाहिरात वजा जाता ३,१०० उरले. चौघांत वाटले नाहीत, पुढच्या प्रयोगासाठी ठेवले.

टिंबं: २९ हशे. त्यातले १७ बाळूच्या वाक्यांवर, ८ आक्काच्या न बोलण्यावर, ४ आक्काच्या वाक्यांवर.

कापायचं: पान १४ वरचा तलाठ्याचा किस्सा, वेग मोडतो. पान ३१ वरचं आक्काचं स्वगत अर्धं. बाक करकरतो, सुताराला सांगणे. मोरपंखी पातळ प्रकाशात काळं दिसतं, दिवा बदलून बघायचा, पातळ नाही.

आणि एक. प्रयोगानंतर एक काकू मेकअप रूमच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी आधी स्वतःचा अंगठा दाखवला. मग म्हणाल्या, ‘आमच्या रेशनच्या दुकानात मशीन मला वळखत न्हाई. दुकानदार वळखतो.’ मी त्यांना विचारलं, हे वाक्य नाटकात घेऊ का. त्या लाजल्या, म्हणाल्या, ‘घ्या की. कामाला यील.’

वाक्य अंगठ्याच्या प्रसंगात, चौथ्या ‘टूं’नंतर बसतंय. ते आक्कानं ऑपरेटरला सांगायचं की बाळूनं, हे मला अजून कळलेलं नाही. सोमवारच्या तालमीत दोघांनी म्हणून बघायचं.